संतांचे दिवस आणि वसईचे वर्ष

माझ्यासारख्या सरकारी नोकराचे दिनदर्शिकेशी असलेले नाते फारसे उदात्त नसते. तांबड्या अंकांत छापलेल्या तारखा मोजाव्या, एवढेच. वसईच्या एखाद्या लहान कॅथलिक धर्मग्रामात मात्र वर्षाचा जवळजवळ प्रत्येक दिवस कोणा ना कोणा संताच्या नावे मांडलेला असतो, आणि ती मांडणी वाचता वाचता चार शतकांचा इतिहास हाती लागतो.

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली. मागोमाग फ्रान्सिस्कन आले, जेझुइट आले आणि त्यांच्याबरोबर रोमचे पंचांग आले. हे पंचांग अर्धे सूर्याने चालते, अर्धे चंद्राने. नाताळ २५ डिसेंबर सोडीत नाही; ईस्टर मात्र वसंतसंपातानंतरची पौर्णिमा शोधीत मार्च-एप्रिलात हिंडतो. तिथी पाहून सण ठरविणाऱ्या आपल्या लोकांना ही रीत अगदीच परकी वाटली नसावी. झावळ्यांच्या रविवारी मंतरलेल्या झावळ्या घरोघर जपून ठेवतात; पुढच्या वर्षी त्यांचीच राख भस्म बुधवारी कपाळी लागते.

महिन्यांचीही वाटणी कालांतराने ठरून गेली. मार्च संत योसेफाचा, मे मारियामातेचा, ऑक्टोबर जपमाळेचा, नोव्हेंबर मृतांचा. त्यातच ऑक्टोबरच्या आरंभी मुंबई-साष्टीकडील ईस्ट इंडियन वस्त्यांत आगेरा येतो. नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन त्यांवर आशीर्वाद घेण्याचा हा सण. याची तारीख रोमने दिलेली नाही. ती भाताने दिली आहे.

मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली. युरोपीय धर्मगुरू निघून गेले. मागे राहिलेल्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मुभा तहाने मिळाली होती. पण मुभा असणे वेगळे आणि मिस्सा अर्पण करणारा जवळ असणे वेगळे. गोव्याकडील देशी धर्मगुरूंनी ही गावे सांभाळली. ते थोडे होते आणि गावे विखुरलेली. अशा वेळी सण कोणी चालविले असतील? माझा तर्क असा, की घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी. कोणत्या दिवशी उपास, कोणत्या दिवशी दिवा, हे त्यांना वही उघडल्यावाचून ठाऊक असते. दप्तर नष्ट झाल्यावर जुन्या शिरस्त्यांसाठी आम्ही कचेरीतले लोकदेखील गावच्या म्हाताऱ्यांकडेच जातो.

या वर्षचक्रात वसईचा स्वतःचा एक माणूस आहे. गोन्सालो गार्सिया. बाप पोर्तुगीज, आई याच मातीतली. तो जपानात गेला, मनिलाला फ्रान्सिस्कन बंधू झाला, आणि १५९३ साली दुभाषी म्हणून पुन्हा जपानात उतरला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे सव्वीस जणांना क्रुसावर चढविण्यात आले, त्यांत तो होता. १८६२ साली पोप नववे पायस यांनी त्याला संतपद दिले, तेव्हा वसईतून पोर्तुगीज सत्ता जाऊन १२३ वर्षे झाली होती. वसईकरांनी तरीही त्याला आपला मानले. गास गावचे चर्च त्याच्याच नावाचे आहे. त्याचे व सोबत्यांचे स्मरण आज ६ फेब्रुवारीला होते, कारण ५ तारीख सिसिलीच्या संत अगाथेने कित्येक शतके आधीच अडविलेली! सेवाज्येष्ठतेचा नियम स्वर्गातही लागू दिसतो.

१९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिन मिस्सा मराठीत आली. म्हाताऱ्यांना अर्थ कळू लागला, पण तोंडपाठ असलेला नाद हरवला. १९६९ साली रोमने पंचांगही दुरुस्त केले. त्यात संत थॉमसचा दिवस २१ डिसेंबरवरून ३ जुलैवर गेला. कागदावर ती एका ओळीची दुरुस्ती. पण डिसेंबरात वसईचे आभाळ कोरडे असते आणि खळ्यावरचे काम आटोपलेले. जुलैच्या तीन तारखेला सगळे घर गुडघाभर चिखलात भाताच्या लावणीला उतरलेले असते.