साडेतीनशेची मर्यादा : अर्नाळा-विरार परिसरातील मोटारसायकलीच्या निवडीचा इतिहास

इतिहासाच्या अभ्यासकांस अर्नाळा परिचित आहे तो वैतरणेच्या मुखाशी असलेल्या आणि १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेल्या जलदुर्गामुळे. त्या दुर्गासमोरील किनाऱ्यावरून रोज सकाळी विरार स्थानकाकडे निघणारा माणूस कोणत्या वाहनाने जातो, आणि ते वाहन त्याने कशावरून निवडले, हा प्रश्न सहसा इतिहासाचा मानला जात नाही. वाहन ही खासगी निवड आणि किंमत ही बाजाराची बाब, असे म्हणून तो बाजूस सारला जातो. वस्तुतः रोजच्या जाण्यायेण्यास आणि प्रसंगी दूरच्या प्रवासास एकच मोटारसायकल पुरावी, अशी इच्छा धरणाऱ्या माणसापुढे जी ‘मध्यम’ गाडी ठेवली जाते, तिचे मध्यमत्व गेल्या सत्तर वर्षांत निदान तीन वेळा बदललेले आहे. ह्यांपैकी एकही बदल रस्त्याच्या लांबीमुळे अथवा स्वाराच्या गरजेमुळे झालेला नाही. परवाना, पेट्रोल आणि कर ह्या तीन गोष्टींनी तो घडविला.

प्रथम भूगोल पाहणे अवश्य आहे. वसईचा प्रदेश दोन खाड्यांमध्ये वसलेला आहे. दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणेची. १८६४ साली रेल्वे ह्या दोन्ही पाण्यांवरून सरळ मुंबईस पोहोचली आणि १८६७ च्या एप्रिलमध्ये विरारहून मुंबईस पहिली उपनगरी गाडी निघाली. रस्त्यास मात्र ही सरळ रेषा लाभली नाही. मुंबईस जाणाऱ्या वाहनास पूर्वेकडे महामार्ग गाठून घोडबंदरजवळच्या पुलावरून खाडी ओलांडावी लागते. उत्तरेकडील गावे तर खाडीपलीकडे डोळ्यांस दिसत असूनही वळसा घालूनच गाठावी लागत. ह्यामुळे अर्नाळ्याच्या नोकरदाराचा रोजचा प्रवास दोन असमान भागांत विभागला गेला : आगाशी-बोळींजवरून विरार स्थानकापर्यंतचा नऊ-दहा किलोमीटरचा रस्ता आणि त्यापुढील लोकल. एस्. टी. चे आगार खुद्द अर्नाळ्यातच असल्याने पहिला भागही मोटारसायकलीवाचून भागतो. म्हणजे येथे रोजच्या वाटचालीतील फारच थोडा भाग गाडीच्या वाट्यास येतो. उरलेला दिवस ती स्थानकाबाहेर उन्हात उभी असते. मोटारसायकलीच्या निवडीविषयी जे सर्वसाधारण उपदेश केले जातात, त्यांत ही गोष्ट कधीच गृहीत धरलेली नसते.

स्वातंत्र्यानंतरच्या आरंभीच्या वर्षांत मोटारसायकल ही मुख्यतः सैन्याची आणि पोलिसांची वस्तू होती. सीमेवरील गस्तीसाठी भारत सरकारने इंग्लंडच्या रॉयल एनफिल्ड कंपनीकडून साडेतीनशे घनसेंटिमीटरच्या आठशे बुलेट मागविल्या, आणि त्या मागणीच्या पाठोपाठ १९५५ साली मद्रास येथे एनफिल्ड इंडिया ही कंपनी उभी राहिली. १९६१ साली म्हैसूरमध्ये आयडियल जावा कंपनीने चेक बनावटीची अडीचशेची जावा काढण्यास आरंभ केला. १९६२ साली एस्कॉर्ट्सने पोलिश नमुन्यावरून राजदूत बाजारात आणली. ह्या तिघींवर पुढील वीस वर्षे देशातील मोटारसायकलीचा व्यवहार चालला. १९५१ च्या उद्योगविषयक कायद्यान्वये कोणत्या कारखान्याने किती नग काढावयाचे हे परवान्याने ठरत असे, आणि परकीय चलनाच्या टंचाईमुळे बाहेरचा माल येणे जवळजवळ बंद होते. स्कूटरसाठी तर नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. अशा स्थितीत ‘निवड’ हा शब्दच अतिशयोक्तीचा ठरतो. जी मिळेल ती घ्यावी आणि जी घेतली ती जन्मभर सांभाळावी, असा तो काळ होता.

तरीही ह्या तिघींत एक मधली होती, ती जावा. राजदूत खेड्यातील दूधवाल्याची आणि शेतकऱ्याची. बुलेट जड, महाग आणि अधिकाराच्या छायेतील. जावाचे इंजिन दोन फेऱ्यांचे. पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागे, आणि किकचा व गिअरचा दांडा एकच असे. नवशिक्यास ह्या दांड्याचे कौतुक वाटे आणि धास्तीही. १९७३ पासून त्याच कारखान्याची गाडी येझ्दी ह्या नावाने विकली जाऊ लागली. त्या पिढीच्या लेखी मध्यम गाडी म्हणजे अडीचशे.

येथे भाषेची साक्ष विचारात घेण्यासारखी आहे. मोटारसायकलीस मराठीने प्रथम दिलेले नाव ‘फटफटी’ हे ध्वनीवरून घडलेले आहे. खडखड, टकटक ह्या जातीच्या अभ्यस्त शब्दास ईकार लावून ते सिद्ध झाले. ह्या नावात इंजिनाच्या आकाराचा काहीही बोध नाही. जे आवाज करते ते फटफटी. (किक मारमारूनही ती सुरू झाली नाही की जवळच ‘फटफजिती’ हा शब्द तयार असतो, दोहोंचा व्युत्पत्तीने संबंध नाही, अनुभवाने आहे.) पुढे विशेषनामे आली, आणि ती सर्व ‘गाडी’ ह्या शब्दाच्या अनुरोधाने स्त्रीलिंगी झाली : ती जावा, ती राजदूत, ती पल्सर. ‘बुलेट’ तर एका नमुन्याचे नाव असूनही त्या कंपनीच्या सर्व गाड्यांस लागू झाले. आकाराचा बोध आला तो संख्यावाचकांतून, आणि ह्या बाबतीत मराठीची पाव-अर्ध्याची जुनी मोजणी विलक्षण सोयीची ठरली. शंभर, सव्वाशे, दीडशे, पावणेदोनशे, अडीचशे, साडेतीनशे. जगातील कारखान्यांनी जे इंजिनांचे वर्ग पाडले, त्यांतील बहुतेकांस मराठीत एकेका शब्दाचे नाव आधीच हजर होते. ‘साडेतीनशे घेतली’ ह्या वाक्यात संख्या हीच नाम झालेली आहे आणि तिचे लिंगही ठरलेले आहे.

मात्र बोलीतील ही संख्या ढोबळ असते. राजदूतचे पावणेदोनशे म्हणजे प्रत्यक्षात १७३ घनसेंटिमीटर. जावाचे अडीचशे म्हणजे २४८ आणि काही अंश. बुलेटचे साडेतीनशे म्हणजे ३४६. पल्सर दीडशे म्हणून आली तेव्हा तिचे इंजिन १४४ घनसेंटिमीटरहून किंचित कमीच होते. बोलणारा संख्येने जात सांगतो, माप सांगत नाही. पुढे कायद्याने ह्याच ढोबळ संख्येस काटेकोर माप बनविले, तेव्हा तिला निराळेच वजन आले.

१९८० नंतर जपानी कंपन्यांशी सहकार्यास परवानगी मिळाली आणि तीन वर्षांच्या आत सर्व चित्र पालटले. १९८४ साली इंड-सुझुकी, १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आणि यामाहाची आरएक्स १००, १९८६ साली कावासाकी बजाज. ह्या सर्व शंभराच्या गाड्या होत्या. दोन तेलसंकटांतून गेलेल्या देशात लिटरमागे किती किलोमीटर हा प्रश्न इतर सर्व प्रश्नांच्या पुढे गेला. मराठीत त्यासाठी ‘ॲव्हरेज’ हा शब्द रूढ झाला तो ह्याच काळात पक्का झाला असावा. ‘गाडी ॲव्हरेज किती देते’ ह्यातील ‘देते’ हे क्रियापद दुभत्या जनावराचे आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. १९९४ मध्ये स्प्लेंडर आली. १९९६ मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद पडला आणि अडीचशेची जात काही काळ जवळजवळ नाहीशीच झाली. २००१ साली पुण्याच्या बजाज ऑटोने पल्सर काढली, आणि नोकरी लागलेल्या तरुणाच्या दृष्टीने दीडशे ही मध्यम ठरली. ज्या आकारास त्याच्या वडिलांनी लहान म्हटले असते, तो आता मधला झाला.

तिसरा बदल २००९ नंतरचा. एनफिल्ड कंपनी १९९४ मध्ये आयशर समूहाकडे गेली होती. तिने जुने लोखंडी इंजिन टाकून नव्या इंजिनाची क्लासिक ३५० आणली, २०२० साली पुन्हा नवे ३४९ घनसेंटिमीटरचे इंजिन काढले, आणि त्याच वर्षी होंडाही ३४८ घनसेंटिमीटरची गाडी घेऊन ह्या वर्गात उतरली. जावा हे नाव २०१८ मध्ये परत आले. २०२३ साली चाकण येथे बनलेली ट्रायम्फची ३९८ घनसेंटिमीटरची गाडी आली. व्यापाराच्या परिभाषेत अडीचशेपासून साडेसातशेपर्यंत सर्व मध्यमच. अमेरिकेत ह्याच शब्दाने ह्याहून मोठ्या गाड्या समजतात.

साडेतीनशे हा आकडा मुळात कोठला, हे पाहिले म्हणजे त्याचा प्रवास ध्यानात येतो. आइल ऑफ मॅन येथील शर्यतींत कनिष्ठ वर्ग साडेतीनशेचा आणि वरिष्ठ वर्ग पाचशेचा असे. इंग्रज कारखाने ह्याच दोन मापांत गाड्या घडवीत. त्यांतील कनिष्ठ माप सैन्याच्या मागणीबरोबर मद्रासला आले आणि सत्तर वर्षे टिकले. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा सर्व मोटारसायकलींवर २८ टक्के कर आणि साडेतीनशेहून मोठ्या गाडीवर आणखी ३ टक्के उपकर ठेवण्यात आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशेपर्यंतच्या गाडीचा कर १८ टक्क्यांवर उतरला आणि त्यावरील गाडीचा ४० टक्क्यांवर चढला. करापूर्वीची किंमत दोन लाख धरली, तर ह्या रेषेच्या अलीकडे छत्तीस हजार आणि पलीकडे ऐंशी हजार, म्हणजे चव्वेचाळीस हजारांचे अंतर पडते. ३४९ आणि ३९८ ह्यांच्या चालीतील फरक रस्त्यावर जेवढा असेल तेवढा असो. ह्या दोन आकड्यांमध्ये आज एक राजकोषीय भिंत उभी आहे. शर्यतीच्या पंचांनी पाडलेला वर्ग अखेर ग्राहकाच्या मध्यमत्वाची व्याख्या होऊन बसला.

आता हीच साडेतीनशे अर्नाळ्याच्या वाटेवर ठेवून पाहावी. विरारपर्यंत जाऊन येऊन वीस किलोमीटर, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे पाचशे किलोमीटर. लिटरमागे पस्तीस किलोमीटर जाणाऱ्या गाडीस चौदा लिटरांहून थोडे अधिक पेट्रोल लागेल. साठ जाणाऱ्या शंभराच्या गाडीस आठ लिटरांहून थोडे अधिक. फरक सहा लिटरांचा, आजच्या भावाने सहाशे रुपयांच्या थोडा वर. ‘ॲव्हरेज’च्या नावाने जो वाद घरोघर चालतो त्याचे मूल्य येथे एवढेच आहे. खरा भार हप्त्याचा. साडेतीनशेची किंमत शंभराच्या दुपटीहून अधिक असते, आणि हप्ता दरमहा येतो. नोकरदारास त्याचे काही वाटत नाही. परंतु ज्या घराचे उत्पन्न बोटीवर चालते, त्या घरी १ जून ते ३१ जुलै ह्या मासेमारीबंदीच्या दोन महिन्यांत आवक थांबते. हप्ता थांबत नाही. वाडीतील भाजी-फुलांच्या उत्पन्नासही हंगाम असतोच. गाडी घेण्यास मराठीत ‘गाडी काढणे’ म्हणतात. कर्ज काढणे ह्याच क्रियापदाने होते, हा योगायोग ह्या गावी अर्थपूर्ण वाटतो.

दुसरा भार खाऱ्या वाऱ्याचा. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उभी राहणारी गाडी तारांच्या चाकांपासून गंजू लागते. साखळी, सायलेन्सर आणि मुलाम्याचे भाग त्यापाठोपाठ. जुन्या घाटाच्या गाड्यांवर मुलामा अधिक आणि चाके तारांची, म्हणजे ज्या शोभेसाठी साडेतीनशे घ्यावयाची तीच ह्या हवेत आधी जाते. येथे ओतीव चाकांची, बिनट्यूबच्या टायरांची गाडी शहाणपणाची. गोड्या पाण्याने धुणे आणि साखळीस वेळेवर तेल देणे ह्यास पर्याय नाही. वजनही विसरून चालत नाही. क्लासिकचे वजन १९५ किलो, स्प्लेंडरचे सुमारे ११२. विरार स्थानकाबाहेर दाटीत लावलेल्या गाड्यांतून रोज संध्याकाळी आपली गाडी मागे ओढून काढणाऱ्यास हा त्र्याऐंशी किलोंचा फरक कोणत्याही कोष्टकाहून चांगला कळतो.

मग मोठी गाडी घ्यावीच का? ह्याचे उत्तर रोजच्या वाटेत नसून वर्षातील पाच-सात दिवसांच्या वाटेत आहे. शिरसाडहून मनोर, विक्रमगड, जव्हार, मोखाडा करीत त्र्यंबकेश्वर. मागे माणूस, दोन्ही बाजूंस सामान आणि समोर चढ असताना शंभराचे इंजिन थकते. महामार्गावर ट्रकांच्या रांगेतून पुढे निघण्यास लागणारा जोर तिच्यापाशी नसतो, आणि तो नसणे हे केवळ गैरसोयीचे नाही. ब्रेकांची गोष्ट ह्याहूनही महत्त्वाची. १ एप्रिल २०१९ पासून १२५ घनसेंटिमीटरहून मोठ्या प्रत्येक नव्या दुचाकीस एबीएस, म्हणजे चाक अडकू न देणारी ब्रेकची योजना, सक्तीची झाली. त्याखालील गाड्यांस दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची साधी योजना पुरेशी मानली गेली. पावसाळ्यात ओल्या डांबरावर ह्या फरकाची किंमत हाडांत मोजावी लागते. म्हणून जीविताच्या दृष्टीने पाहता ह्या प्रदेशातील स्वारास लागू असलेली खरी सीमा साडेतीनशेची नव्हे, सव्वाशेची आहे. दीडशे ते दोनशे घनसेंटिमीटरची, हलकी, पुढेमागे डिस्क ब्रेक असलेली गाडी अर्नाळ्याहून विरारलाही जाते आणि जव्हारलाही; फक्त तिला आज कोणी मध्यम म्हणत नाही, आणि लग्नाच्या वरातीपुढे तिचा मान नाही.

ह्या सर्व हिशेबात २०२५ साली एक नवी बाब आली. त्या वर्षी विरारच्या मारंबळपाड्याहून वैतरणेच्या खाडीपलीकडे जलसार येथे वाहने नेणारी रो-रो बोट सुरू झाली. त्याआधी, २०२४ च्या फेब्रुवारीत, वसई आणि भाईंदर ह्यांच्यामध्ये अशीच बोट धावू लागली होती. सफाळे, केळवे ही गावे दुचाकीने गाठण्यास महामार्गाचा जो मोठा वळसा घ्यावा लागे, तो बोटीच्या काही मिनिटांवर आला. अर्नाळ्याच्या स्वाराच्या लेखी कालपर्यंत जे ‘लांब’ होते, त्यांतील बराचसा भाग आता शंभराच्या गाडीच्या आटोक्यात आहे.