मॅलफंक्शन ५४

मागच्या महिन्यात एक आजोबा दवाखान्यात आले. चार पावलं चाललं की त्यांना दम लागत होता. घरच्यांनी बोटाला ऑक्सिमीटर लावून पाहिला होता, त्यावर ९८ आकडा आला. मग दोन आठवडे सगळे त्यांना समजावत होते, "आबा, मशीन नॉर्मल दाखवतंय, उगाच मनाला लावून घेऊ नका." तपासणीत हिमोग्लोबिन निघालं ६. रक्तात जेवढं हिमोग्लोबिन उरलं होतं ते ऑक्सिजनने पूर्ण भरलेलं होतं, म्हणून मशीन ९८ दाखवत होतं. पण मुळात हिमोग्लोबिनच कमी होतं, आणि ते मोजणं हे त्या मशीनचं कामच नाही. आबांचं म्हणणं खरं होतं.

त्या दिवशी मला थेरॅक-२५ ची गोष्ट आठवली. संगणक शिकणाऱ्या अनेक मुलांना ती शिकवली जाते. आम्हा डॉक्टरांना मात्र कुणी शिकवली नाही, आणि खरं तर ती आमचीच आहे.

थेरॅक-२५ हे कॅन्सरवर रेडिएशन देणारं यंत्र होतं. अ‍ॅटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड या कंपनीने ते बनवलं. अमेरिकेत पाच आणि कॅनडात सहा, अशी एकूण अकरा यंत्रं बसवली गेली. त्यातून दोन प्रकारचे उपचार देता येत. त्वचेजवळच्या गाठीसाठी इलेक्ट्रॉनचा सौम्य झोत, आणि खोलवरच्या गाठीसाठी एक्स-रे. एक्स-रे तयार करायला इलेक्ट्रॉनचा झोत सुमारे शंभरपट प्रबळ करावा लागतो आणि तो धातूच्या एका लक्ष्यावर आदळवावा लागतो. हे लक्ष्य एका फिरत्या तबकडीवर असे. आता कल्पना करा, झोत एक्स-रेचा आहे आणि तबकडी मात्र इलेक्ट्रॉनच्या जागी आहे. मग तो प्रबळ झोत थेट माणसाच्या अंगावर येतो.

हे होऊ नये म्हणून आधीच्या थेरॅक-२० यंत्रात विजेचे आणि यांत्रिक अडसर होते. मायक्रोवेव्हचं दार उघडलं की तो आपोआप बंद पडतो, तसेच. थेरॅक-२५ मध्ये कंपनीने यातले बरेच अडसर काढून टाकले आणि राखणीचं काम सॉफ्टवेअरकडे दिलं. १९८३ मध्ये कंपनीने सुरक्षिततेचा अभ्यास केला, पण सॉफ्टवेअरमधल्या चुका त्यात धरल्याच नाहीत. सॉफ्टवेअर काही लोखंडासारखं झिजत नाही, असा त्यामागचा विचार. झिजत नाही हे खरंच आहे. पण जे पहिल्या दिवसापासूनच चुकीचं आहे, त्याला झिजायची गरज नसते!

जून १९८५ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या मॅरिएटा इथे स्तनाच्या कॅन्सरची एक रुग्ण उपचार घेत होती. झोत सुरू होताच तिने सांगितलं की आपल्याला भाजलं. तिला उत्तर मिळालं, असं होणं शक्य नाही. तिथल्या भौतिकतज्ज्ञाने कंपनीला विचारलं, तर तिथूनही नकारच आला. प्रत्यक्षात तिला १५ ते २० हजार रॅड मिळाले असावेत, असा अंदाज नंतर काढला गेला. उपचाराच्या एका वेळची मात्रा साधारण २०० रॅड असते, यावरून काय झालं असेल ते लक्षात येईल.

टेक्ससमधल्या टायलर गावात जे घडलं त्याने कोडं सुटलं. २१ मार्च १९८६ ला एका रुग्णाच्या पाठीवर उपचार सुरू होते. तंत्रज्ञ बाई कामात तरबेज होत्या. इलेक्ट्रॉनच्या 'ई'ऐवजी त्यांच्याकडून 'एक्स' टाइप झालं. लगेच बाणाची कळ दाबून त्यांनी ते दुरुस्त केलं. पडद्यावर 'मॅलफंक्शन ५४' एवढंच उमटलं. शिवाय मात्रा फारच कमी गेल्याची नोंद दिसत होती. असे संदेश दिवसातून कितीतरी वेळा येत, म्हणून त्यांनी सवयीप्रमाणे 'पी' म्हणजे 'पुढे चालू'ची कळ दाबली. आत रुग्णाला विजेचा झटका बसल्यासारखं झालं होतं. तो उठायला लागला तेवढ्यात दुसरा झोत त्याच्या हातावर बसला, आणि तो दार बडवू लागला. त्या दिवशी खोलीतला कॅमेरा आणि इंटरकॉम दोन्ही बंद होते.

(त्या बाईंना दोष देण्याआधी आयसीयूत एक रात्र काढून बघा. दर दोन मिनिटांनी वाजणारा अलार्म बंद करायला हात आपोआप जातो. रेसिडेंट असताना माझाही जायचा.)

कंपनीचे इंजिनिअर आले, त्यांना काही सापडलं नाही. यंत्र पुन्हा सुरू झालं. ११ एप्रिलला त्याच बाईंच्या हातून, त्याच संदेशासह, दुसरा रुग्ण भाजला. तेव्हा रुग्णालयाच्या भौतिकतज्ज्ञाने यंत्र बंद केलं आणि त्या बाईंना बरोबर घेऊन तीच कळ, तीच दुरुस्ती तो पुन्हा पुन्हा करत बसला. अखेर उलगडा झाला. यंत्रातले चुंबक जागेवर यायला सुमारे आठ सेकंद लागत. तेवढ्या वेळात कुणी दुरुस्ती करून मोकळं झालं, तर सॉफ्टवेअरला तो बदल कळतच नसे. सावकाश टाइप करणाऱ्याच्या हातून ही चूक कधी झालीच नसती. टायलरचे दोन्ही रुग्ण दगावले.

कंपनीने तातडीचा उपाय म्हणून काय सांगितलं असेल? कीबोर्डवरची बाणाची कळ काढा आणि तिथे चिकटपट्टी लावा! पुढे शिकागो विद्यापीठातल्या जुन्या थेरॅक-२० यंत्रातही तीच चूक आढळली. तिथे विद्यार्थी काहीबाही टाइप करत आणि फ्यूज उडत असे. म्हणजे चूक जुनीच होती. आधी फ्यूज उडायचा, आता माणूस भाजत होता.

अशा एकूण सहा घटना घडल्या आणि किमान तीन रुग्ण त्या मात्रेमुळे मरण पावले. शेवटची घटना जानेवारी १९८७ मधली, वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा इथली, आणि तिचं कारण सॉफ्टवेअरमधली एक वेगळीच चूक होती. त्यानंतर महिन्याभरात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ही यंत्रं नेहमीच्या उपचारांसाठी न वापरण्याची शिफारस केली. मग कंपनीने सॉफ्टवेअरवर अवलंबून नसलेले अडसर त्यात बसवले.

याकिमाच्या त्या रुग्णाच्या अंगावर समांतर पट्टे उमटले होते. ते पाहिल्यावर तिथल्या लोकांना वर्षापूर्वीची एक बाई आठवली. डिसेंबर १९८५ मध्ये तिच्याही त्वचेवर असेच लाल पट्टे आले होते. रुग्णालयाने तेव्हा कंपनीला पत्र लिहिलं होतं, उत्तर आलं होतं की आमच्या यंत्राने हे होऊच शकत नाही, आणि तिच्या कागदांवर कारण 'अज्ञात' राहिलं होतं. आता तिला पुन्हा तपासलं. त्वचेवर न भरणारी जखम होती आणि आतल्या पेशी मेलेल्या होत्या. शस्त्रक्रिया करून त्वचारोपण करावं लागलं. ती वाचली.