उष्णतासंचयक सजल लवणे
ज्यांच्या स्फटिकांत पाण्याचे रेणू ठराविक प्रमाणात बद्ध असतात व जी वितळताना पुष्कळ उष्णता शोषून घेतात आणि गोठताना ती परत देतात, अशी लवणे. उष्णता साठविण्यासाठी त्यांचा उपयोग करतात.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ योहान रूडोल्फ ग्लाउबर (१६०४–७०) यांच्या नावाने ओळखले जाणारे ग्लाउबर लवण म्हणजे सजल सोडियम सल्फेट होय. याच्या वजनाचा सु. ५६% भाग पाणी असते. ते ३२.४° से. ला वितळते व त्यावेळी दर किग्रॅ.ला सु. २५० किलोजूल उष्णता शोषते. एक किग्रॅ. पाणी १०° से.ने तापविल्यास जेमतेम ४२ किलोजूल उष्णता साठते. यावरून या लवणाची संचयक्षमता ध्यानात येते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमधील रेल्वेच्या डब्यांत प्रवाशांचे पाय उबदार ठेवण्यासाठी सजल सोडियम ॲसिटेट भरलेली धातूची पात्रे वापरीत. सूर्याची उष्णता साठविण्याचा महत्त्वाचा प्रयोग मात्र १९४८ मध्ये अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स राज्यातील डोव्हर येथे झाला. हंगेरीत जन्मलेल्या मारिया टेलकेश (१९००–९५) यांनी तेथील घराची तापनयोजना आखली. वास्तुशिल्प एलिनॉर रेमंड यांचे, तर आर्थिक साहाय्य शिल्पकार अमीलिया पीबॉडी यांचे होते. दक्षिणेकडील काचेच्या तावदानांमागे तापलेली हवा पंख्यांनी सु. २१ टन ग्लाउबर लवणाच्या साठ्याकडे नेली जाई आणि रात्री व ढगाळ दिवशी त्या साठ्यातून खोल्या उबदार होत.

पहिले दोन हिवाळे योजना समाधानकारक चालली. पुढे ती निकामी झाली व घरात नेहमीची भट्टी बसवावी लागली. यातील मुख्य दोष लवणाच्या स्वभावातच होता. हे लवण वितळते तेव्हा सुटलेल्या पाण्यात सर्व सोडियम सल्फेट विरघळत नाही. उरलेले निर्जल लवण जड असल्याने तळाशी बसते. गोठताना वरच्या द्रवाशी त्याचा पुन्हा पूर्ण संयोग होत नाही. त्यामुळे प्रत्येक आवर्तनागणिक संचयक्षमता घटत जाते. शिवाय पात्रे गंजून गळू लागली. द्रव गोठणबिंदूखाली गेला तरी न गोठणे, म्हणजे अतिशीतन, हा दुसरा दोष होय. टाकणखाराचे स्फटिक बीजाप्रमाणे वापरल्यास तो टळतो, हे टेलकेश यांनी १९५२ मध्ये दाखविले. साका खाली बसू नये म्हणून मिश्रण दाट करणारे पदार्थ घालण्याची पद्धतही पुढे रूढ झाली.

१९७३ च्या तेलसंकटानंतर या संशोधनास पुन्हा चालना मिळाली व सु. २९° से.ला वितळणाऱ्या सजल कॅल्शियम क्लोराइडाकडेही लक्ष गेले. डोव्हरचे घर २०१० मध्ये पाडण्यात आले. अतिशीतनाचा दोष आज हात शेकण्याच्या पिशव्यांत गुण ठरला आहे. त्यांतील द्रवरूप सोडियम ॲसिटेट धातूची चकती दाबताच गोठते व ऊब देते. ही लवणे स्वस्त व अज्वलनशील आहेत. परंतु केवळ संचयक्षमतेवरून पदार्थ निवडून भागत नाही, हजारो आवर्तनांनंतरही तो आपला गुण टिकवितो की नाही हे पाहावे लागते, हाच डोव्हरच्या प्रयोगाचा धडा होय.