अपराधगंड : अत्याचारग्रस्त मुलांच्या मनावरील दुसरा घाव

लैंगिक अत्याचार सोसलेल्या मुलामुलींच्या मनात ‘चूक माझीच होती’ ही भावना अनेकदा घर करते. शरीराची जखम भरून आल्यानंतरही हा अपराधगंड वर्षानुवर्षे टिकू शकतो. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात १३ राज्यांतील १२,४४७ मुलांची पाहणी होती. त्यांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी लैंगिक अत्याचाराचा अनुभव सांगितला. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे ओळखीचे वा विश्वासातले होते.

दोष स्वतःकडे का?
गंडाचे मूळ याच विश्वासात आहे. मूल मोठ्यांवर विसंबून असते. आपले माणूस वाईट आहे हे मानण्यापेक्षा आपणच वाईट आहोत, असे मानणे त्याला सोपे वाटते. ‘मी खाऊ घेतला’, ‘मी ओरडलो नाही’ असे पुरावे ते स्वतःविरुद्ध गोळा करते. वास्तविक भीतीने अंग गोठणे ही शरीराची अनैच्छिक प्रतिक्रिया असते. ती संमती नव्हे. ‘मी चुकीचे वागलो’ यापेक्षा ‘मी मुळातच वाईट’ हा समज अधिक घातक ठरतो. त्यातून नैराश्य, अभ्यासातील घसरण, स्वतःला इजा करण्याची प्रवृत्ती उद्भवू शकते.

उपचार
आघातावर केंद्रित बोधात्मक वर्तनोपचारात मूल तज्ज्ञाच्या आधाराने घटना टप्प्याटप्प्याने शब्दांत मांडते आणि दोष खऱ्या गुन्हेगाराकडे सोपवायला शिकते. पालकांचा सहभाग त्यात महत्त्वाचा असतो. ‘आधी का सांगितले नाहीस?’ हा त्यांचा प्रश्न मुलाला आरोपासारखा ऐकू येतो. ‘तू सांगितलेस हे बरे केलेस; यात तुझा दोष नाही’ हे वाक्य उपचाराची पहिली पायरी ठरते.

कायदा आणि मदत
‘पॉक्सो’ कायदा नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्यानुसार जबाब मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, पोलिसांनी गणवेशाविना घ्यायचा असतो. न्यायालयात मुलाला आरोपीसमोर आणता येत नाही, त्याच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवणारे प्रश्न विचारता येत नाहीत आणि त्याची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. राज्याची ‘मनोधैर्य’ योजना २०१३ मध्ये सुरू झाली. तीत अर्थसाहाय्याबरोबर समुपदेशनाचीही तरतूद आहे. कोल्हापुरातील कुटुंबांना त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, संरक्षणासाठी बालकल्याण समितीकडे आणि वैद्यकीय मदतीसाठी छत्रपती प्रमिलाराजे (सीपीआर) रुग्णालयात जाता येते. तातडीच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे.