घरी केलेलं सीरम किती दिवस टिकतं? 'प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री' म्हणजे नेमकं काय?

कोरफडीचा गर, गुलाबपाणी, ग्लिसरीन आणि व्हिटॅमिन ईची एक कॅप्सूल. मिक्सरमधून फिरवा, गाळा, ड्रॉपरच्या बाटलीत भरा. 'नो केमिकल्स' असं सांगणारे असे रील्स सोशल मीडियावर सतत दिसतात. काही जण असं सीरम स्वतः वापरतात, काही जण ते ऑनलाइन विकतातही. पण या बाटलीत सर्वांत जास्त असतं ते पाणी, आणि खरा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

सीरममध्ये असतं काय?

पाण्यावर आधारलेल्या बहुतेक सीरममध्ये ८० ते ९० टक्के पाणीच असतं. बाकीच्या भागात ओलावा धरून ठेवणारे घटक, एखादा मुख्य घटक, दाटपणा देणारा पदार्थ आणि प्रिझर्व्हेटिव्ह येतात.

उदाहरण म्हणून नायसिनामाइडच्या १०० ग्रॅम सीरमचा साधा हिशोब पाहू. नायसिनामाइड ५ ग्रॅम, ग्लिसरीन ५ ग्रॅम, सोडियम हायल्युरोनेट ०.३ ग्रॅम, डायसोडियम ईडीटीए ०.१ ग्रॅम, फिनॉक्सिइथेनॉल असलेलं प्रिझर्व्हेटिव्ह मिश्रण १ ग्रॅम आणि उरलेलं ८८.६ ग्रॅम डिस्टिल्ड वॉटर. हे सगळं वजनावर मोजतात, चमच्यावर नाही. ०.१ ग्रॅम मोजायला स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरत नाही, त्याहून बारीक मोजणारा काटा लागतो.

नळाचं पाणी का चालत नाही? त्यात क्षार आणि धातूंचे अंश असतात. त्यामुळे रंग बदलू शकतो आणि काही घटक लवकर खराब होतात. ईडीटीए हे धातूंचे कण बांधून ठेवतं आणि प्रिझर्व्हेटिव्हचं कामही सोपं करतं.

नितळ दिसतं, मग अडचण काय?

जिवाणू, यीस्ट आणि बुरशी यांना वाढायला पाणी लागतं. म्हणून निव्वळ तेलाच्या फेस ऑइलमध्ये, त्यात पाणी शिरलं नाही तर, ते सहसा वाढत नाहीत. सीरममध्ये मात्र पाणी भरपूर असतं. कोरफडीचा गर घातला तर साखर आणि इतर पोषक द्रव्यंही मिळतात.

हे सगळं डोळ्यांना दिसत नाही. द्रव गढूळ दिसायला एका मिलिलिटरमध्ये साधारण दहा लाखांहून जास्त जिवाणू लागतात. समजा, एका मिलिलिटरमध्ये सुरुवातीला १०० जिवाणू आहेत आणि ते दर तासाला दुप्पट होतात. १४ तासांत ते १६ लाखांच्या पुढे जातील. प्रत्यक्षातला वेग तापमानावर आणि घटकांवर ठरतो. फ्रिजमुळे तो कमी होतो, पण थांबत नाही. म्हणजे वास येण्याआधी आणि रंग बदलण्याआधीही सीरम दूषित झालेलं असू शकतं.

धोका कोणता?

सौंदर्यप्रसाधनांमध्ये वारंवार सापडणाऱ्या जिवाणूंपैकी एक म्हणजे स्यूडोमोनास एरुजिनोसा. तो पाण्यात सहज जगतो आणि त्याला पोषण फार कमी लागतं. धडधाकट त्वचेवर तो अनेकदा काही करत नाही. पण मुरुम फोडलेला असेल, त्वचा सोललेली असेल किंवा सीरम डोळ्यात गेलं, तर संसर्ग होऊ शकतो. १९७०च्या दशकात अमेरिकेत दूषित मस्कारामुळे डोळ्याच्या बुबुळाला जखमा झाल्याची प्रकरणं समोर आली होती. असा संसर्ग झपाट्याने वाढतो आणि नजरेवरही परिणाम करू शकतो.

व्हिटॅमिन ई घातलं तर चालत नाही का?

नाही. व्हिटॅमिन ई अँटिऑक्सिडंट आहे. ते तेलाला खवट होण्यापासून वाचवतं, जिवाणूंना मारत नाही. हा सर्वांत जास्त पसरलेला गैरसमज आहे. 'नैसर्गिक प्रिझर्व्हेटिव्ह' म्हणून विकला जाणारा ग्रेपफ्रूटच्या बियांचा अर्कही भरवशाचा नाही. त्याचे नमुने तपासल्यावर त्यातल्या अनेकांमध्ये कृत्रिम प्रिझर्व्हेटिव्हच सापडली होती.

पीएचचा संबंध काय?

प्रिझर्व्हेटिव्ह नुसतं टाकून भागत नाही, ते त्या पीएचला काम करायला हवं. सोडियम बेंझोएट हे लोणच्या-सॉसमध्येही वापरलं जाणारं प्रिझर्व्हेटिव्ह आहे. त्याचा जिवाणूंवर आणि बुरशीवर काम करणारा भाग म्हणजे बेंझोइक आम्ल. पीएच ४.२ असेल तर निम्मा भाग या रूपात असतो. पीएच ५ ला तो सुमारे १४ टक्के उरतो आणि पीएच ६ ला दोन टक्क्यांहूनही कमी.

नायसिनामाइडचं सीरम साधारण ५ ते ७ पीएचमध्ये ठेवलं जातं. म्हणजे त्यात एकटं सोडियम बेंझोएट टाकलं तर लेबलवर प्रिझर्व्हेटिव्ह दिसेल, पण काम फारसं होणार नाही. फिनॉक्सिइथेनॉल बऱ्याच मोठ्या पीएच पट्ट्यात टिकतं, म्हणून अशा सीरममध्ये ते जास्त दिसतं. युरोपीय संघाने त्याची मर्यादा १ टक्का ठेवली आहे.

व्हिटॅमिन सीचं गणित आणखी वेगळं आहे. एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड त्वचेत शिरण्यासाठी पीएच ३.५ पेक्षा कमी लागतो. पाण्यात ते हवा आणि उजेडामुळे लवकर बिघडतं, आधी पिवळं आणि मग तपकिरी होतं. म्हणून ते गडद बाटलीत मिळतं. इथे रंगबदल घटक बिघडल्याचं सांगतो. जिवाणूंचा प्रश्न त्याहून वेगळा आहे.

मग प्रिझर्व्हेटिव्हची एवढी भीती का?

२००४ मध्ये ब्रिटनमधल्या एका अभ्यासात स्तनाच्या गाठींच्या नमुन्यांत पॅराबेन आढळले. पॅराबेनमुळे कर्करोग झाला, असं त्या अभ्यासाने सिद्ध केलेलं नव्हतं. पण 'पॅराबेन-फ्री' ही जाहिरातीची ओळ झाली. युरोपीय संघाने २०१४ मध्ये पाच पॅराबेनवर बंदी घातली आणि प्रोपिल व ब्युटिल पॅराबेनची मर्यादा कमी केली. मिथिल आणि इथिल पॅराबेनना मात्र परवानगी कायम राहिली.

पॅराबेन टाळताना अनेक उत्पादनांत मिथिलआयसोथायझोलिनोन आलं, आणि त्याच्या ॲलर्जीचे रुग्ण वाढले. अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्माटायटिस सोसायटीने २०१३ मध्ये त्याला 'ॲलर्जन ऑफ द इयर' ठरवलं. त्वचेवर तसंच राहू देण्याच्या उत्पादनांत युरोपने २०१७ पासून ते बंद केलं. याच सोसायटीने २०१९ मध्ये पॅराबेनला 'नॉन-ॲलर्जन ऑफ द इयर' म्हटलं, कारण त्यांची ॲलर्जी फार कमी जणांना होते. एक नाव टाळलं की धोका टळतो असं नाही, हे यातून दिसतं.

कंपन्या तपासतात कसं?

यासाठी 'चॅलेंज टेस्ट' असते. आयएसओ ११९३० या मानकानुसार उत्पादनात मुद्दाम जिवाणू, यीस्ट आणि बुरशी सोडतात आणि २८ दिवस त्यांची संख्या मोजतात. ती ठरलेल्या प्रमाणात घटली तरच प्रिझर्व्हेटिव्ह पुरेसं मानलं जातं. घरच्या सीरमबाबत 'मला तर काही झालं नाही' हा अनुभव या चाचणीची जागा घेऊ शकत नाही.

विकत घेताना काय पाहायचं?

भारतात सौंदर्यप्रसाधनं विक्रीसाठी बनवायला कॉस्मेटिक्स रूल्स २०२० नुसार परवाना लागतो. घरून विकणाऱ्यालाही तो नियम आहे. त्यामुळे लेबलवर या गोष्टी शोधा:

• उत्पादकाचं नाव, पत्ता आणि परवाना क्रमांक
• बॅच क्रमांक आणि वापरण्याची अंतिम तारीख
• घटकांची यादी. त्यात पाणी पहिलं असेल आणि प्रिझर्व्हेटिव्ह कुठेच दिसत नसेल, तर विक्रेत्याला विचारा
• उघड्या डबीचं चिन्ह. त्यावर '६ एम' असेल तर उघडल्यावर सहा महिने

वापरताना ड्रॉपर त्वचेला टेकवू नका, बाटलीत पाणी घालू नका आणि ती ओल्या बाथरूममध्ये उघडी ठेवू नका. घरी ताजी कोरफड लावायचीच असेल, तर त्या वेळेपुरती काढा आणि उरलेली टाकून द्या. साठवायचं असेल, तर प्रिझर्व्हेटिव्हला पर्याय नाही.