तांबड्या थेंबाचा माग : जुन्या मोटारींच्या स्वयंचलित गेअरपेटीतील तेलगळती आणि दुरुस्तीविद्येचा इतिहास

बीजशब्द : स्वयंचलित गेअरपेटी, तेलगळती, निदान, परवाना पद्धत, वसई

प्रस्तावना

यंत्रांचा इतिहास लिहिताना यंत्र कोणी शोधले, कारखाना कोणी काढला आणि उत्पादन किती झाले याचीच नोंद प्रामुख्याने घेतली जाते. यंत्र जुने झाल्यावर ते कोणी चालते ठेवले, बिघाड कसा ओळखला आणि ही ओळखण्याची विद्या कोठून आली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. मोटारीच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. महाराष्ट्रात मोटारदुरुस्तीची विद्या वस्तादाकडून पोऱ्याकडे हाताने व डोळ्याने गेली. कागदावर ती फार थोडी उतरली. प्रस्तुत लेखात एका अगदी मर्यादित प्रश्नाच्या आधारे या विद्येचा विचार केला आहे. जुन्या मोटारीच्या स्वयंचलित गेअरपेटीतून तेल गळत असेल तर ते नेमके कोठून गळते हे कसे ठरवावे, आणि हे ठरविणे आपल्याकडे दीर्घकाळ कठीण का राहिले, हा तो प्रश्न होय.

प्रश्न क्षुल्लक वाटला तरी तसा नाही. हाताने गेअर बदलण्याच्या पेटीत तेल थोडे कमी झाले तरी गाडी बराच काळ चालते. स्वयंचलित पेटीत मात्र तेल केवळ वंगण नसते. इंजिनाची शक्ती चाकांकडे नेण्याचा दुवा तेच असते, क्लचच्या चकत्या त्याच्याच दाबाने आवळल्या जातात आणि पेटीतील उष्णताही तेच वाहून नेते. पातळी उतरली की पंप तेलाबरोबर हवा ओढू लागतो, दाब पडतो, चकत्या घसरतात, तापतात व जळतात. दोनशे रुपयांच्या रबरी सीलचा दोष अशा रीतीने संपूर्ण पेटीच्या खर्चावर जातो.

धोरण आणि अनुभव

मोठ्या प्रमाणावर उत्पादित झालेली पहिली पूर्ण स्वयंचलित गेअरपेटी, म्हणजे जनरल मोटर्सची ‘हायड्रामॅटिक’, १९३९ च्या अखेरीस ओल्डस्मोबाईल मोटारींत आली. शेव्हरोलेची दोन गतींची ‘पॉवरग्लाईड’ १९५० मध्ये आली आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत अमेरिकेत स्वयंचलित गाडी ही सर्वसामान्य बाब झाली. मुंबई या घडामोडींपासून फार दूर होती असे नाही. जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना शिवडी येथे १९२८ पासून चालू होता. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ला कारखान्यातून १९४७ पासून डॉज, प्लिमथ व डिसोटो या अमेरिकन नावांच्या गाड्या बाहेर पडू लागल्या होत्या. मात्र १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर शासनाने केवळ जुळणी करणाऱ्या आणि देशी उत्पादनाचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांना व्यवसाय आवरण्यास सांगितले. शिवडीचा कारखाना १९५४ मध्ये बंद झाला.

त्यापुढील सुमारे तीन दशके सर्वसामान्य भारतीयासाठी मोटार म्हणजे अॅम्बॅसेडर, फियाट किंवा स्टँडर्ड. या तिन्हींची गेअरपेटी हाताने चालणारी होती. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर दिसलेली प्रीमियर पद्मिनी हे याचे ठळक उदाहरण. तिचा गेअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर होता, एवढेच काय ते वेगळेपण. मुंबई-ठाणे परिसरातील मिस्त्रींच्या दोन पिढ्या याच गाड्यांवर घडल्या. त्यांच्या हातात असलेली निदानशक्ती थक्क करणारी होती, परंतु ती विशिष्ट यंत्राशी बांधलेली होती.

स्वयंचलित गाड्या या काळात देशात नव्हत्याच असे मात्र नाही. परदेशी वकिलातींनी वापरून सोडलेल्या मोटारी १९५६ मध्ये स्थापन झालेल्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात, आणि हिंदी चित्रपटांत श्रीमंतीची खूण ठरलेली शेव्हरोले इम्पाला अनेक प्रेक्षकांनी पडद्यावरच पाहिली. या गाड्यांची संख्या अल्प होती, त्यांचे सुटे भाग मिळत नसत आणि नियमपुस्तिका इंग्रजीत असे. अशा स्थितीत एखादी विद्या परंपरा म्हणून रुजणे शक्य नव्हते. आयात-निर्बंधांची चर्चा करताना अर्थशास्त्रज्ञ गाड्यांची कमतरता मोजतात. त्याबरोबर अनुभवाचीही कमतरता निर्माण झाली, ती कोणत्याही तक्त्यात आलेली नाही.

येथे एक उपकथा नोंदविण्यासारखी आहे. महाराष्ट्रातील मध्यमवर्गाला ‘विनागेअर’ स्कूटरची व्यापक ओळख १९८४ मध्ये आलेल्या फिरोदिया समूहाच्या कायनेटिक होंडाने झाली. परंतु या स्कूटरमध्ये गती बदलत होती ती पट्ट्यावर, आणि तो पट्टा कोरडा होता. तेल होते ते फक्त मागील चाकाजवळच्या दात्यांसाठी. ‘ऑटोमॅटिक म्हणजे देखभाल नाही’ ही जी समजूत पुढे घट्ट झाली, तिचे एक मूळ येथे असावे.

द्रवाचा इतिहास

स्वयंचलित पेटीच्या तेलाला लाल रंग मुद्दाम दिलेला असतो. इंजिन ऑईलपासून ते वेगळे ओळखू यावे हा त्यातील हेतू. जनरल मोटर्सने या तेलाचे पहिले प्रमाण, ‘टाईप ए’, १९४९ मध्ये ठरविले. १९६७ मध्ये ‘डेक्सरॉन’ हे नाव आले. या तेलात चकत्यांची पकड सौम्य राहावी यासाठी स्पर्म व्हेल माशाच्या तेलाचा अंश मिसळलेला असे. (व्हेल हा मासा नव्हे, सस्तन प्राणी, मराठीत रूढ झालेला शब्द तेवढा येथे ठेवला आहे.) स्पर्म व्हेल १९७० मध्ये अमेरिकेच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत गेला आणि १९७३ च्या कायद्याने हा निर्बंध अधिक पक्का झाला. त्यानंतर पर्यायी रसायने वापरून ‘डेक्सरॉन-२’ तयार करण्यात आले. त्याच्या सुरुवातीच्या रूपाने तेल थंड करणाऱ्या शीतकाचे धातुकाम कोरले जाऊ लागले, म्हणून गंजरोधक घालून त्यात सुधारणा करावी लागली. समुद्रातील एका प्राण्याचे रक्षण आणि मोटारीच्या रेडिएटरमधील गळती यांचा असा संबंध आहे.

जुन्या गाडीच्या निदानात या इतिहासाला व्यावहारिक महत्त्व आहे. गाडी ज्या काळाची, त्या काळाच्या तेलासाठी तिची सीले व गॅस्केटे बनलेली असतात. जुने रबर कडक होते, बुचाच्या लाकडाचे गॅस्केट आकसते. त्यात वेगळ्या प्रकारचे तेल ओतले तर गळती वाढूही शकते आणि रबर फुगून काही काळ थांबूही शकते. दुसरी शक्यता अधिक फसवी होय.

निदानाची रीत

इतिहासाच्या विद्यार्थ्याला साधनांचे प्राथमिक व दुय्यम असे वर्गीकरण परिचित असते. गाडीखाली जमिनीवर पडलेला थेंब हे या दृष्टीने दुय्यम साधन आहे. तो जेथे पडला तेथे उगम असेलच असे नाही. गाडी चालत असताना वाऱ्याने तेल मागे जाते आणि गुरुत्वाने खाली उतरते. म्हणून ओल्या भागातील सर्वांत वरचा व सर्वांत पुढचा बिंदू शोधावा लागतो. गळतीच्या तपासात सर्वाधिक चुका याच पायरीवर होतात. पेटीच्या तळाचा चेंबर ओला दिसला की चेंबरचे पॅकिंग बदलले जाते, वर शेलॅक थापला जातो, बोल्ट जोराने आवळले जातात. अतिरिक्त आवळण्याने पातळ पत्र्याची कड वाकते, आणि पूर्वी निर्दोष असलेला सांधाही गळू लागतो.

तत्पूर्वी तेल कोणते हे ठरविणे आवश्यक. पांढरा पुठ्ठा रात्रभर गाडीखाली ठेवला असता थेंबाचा रंग व जागा दोन्ही नोंदली जातात. लाल किंवा तांबूस, पातळ तेल हे बहुधा स्वयंचलित पेटीचे. बहुधा म्हणण्याचे कारण असे की अनेक जुन्या गाड्यांच्या पॉवर स्टिअरिंगमध्येही हेच तेल वापरले जाते आणि ते इंजिनाच्या पुढील बाजूने ओघळत मागे पोहोचते. मागील डिफरन्शिअलचे तेल जाड असते व त्याला गंधकाचा उग्र वास येतो. पेटीतील तेल फार जुने झाले तर तपकिरी होते, मग इंजिन ऑईलशी गफलत होते; तेथे वासावर भिस्त ठेवावी लागते. जळका वास आला तर प्रश्न गळतीपुरता उरलेला नाही असे समजावे.

इंजिन व गेअरपेटी जेथे जोडलेली असतात त्या घंटेच्या आकाराच्या आवरणातून पडणारा थेंब सर्वांत वादग्रस्त. तेथे दोन उगम शक्य आहेत. इंजिनाच्या मागील मुख्य सीलमधून येणारे तेल गडद असते. पेटीच्या पुढील पंपाच्या सीलमधून येणारे लाल. दोन्हींसाठी पेटी उतरवावी लागते, त्यामुळे उतरविण्यापूर्वी फरक कळला नाही तरी चालेल असे मानण्याचा मोह होतो. तो मोह टाळावा, कारण उगम यापैकी कोणताच नसून वरच्या बाजूचे एखादे कव्हर गळत असण्याची शक्यता तिसरी आहे, आणि तिच्यासाठी पेटीला हात लावण्याची गरज नसते.

म्हणून खात्रीची रीत एकच आहे, आणि ती कंटाळवाणी आहे. सर्व भाग धुऊन पूर्ण कोरडा करावा, त्यावर टाल्कम किंवा खडूची बारीक भुकटी उडवावी, गाडी थोडी चालवून तापवावी आणि भुकटीवर पहिली ओली रेघ कोठे उमटते ते पाहावे. आधुनिक कार्यशाळेत तेलात चमकणारा रंग मिसळून अतिनील दिव्याखाली पाहतात, तत्त्व तेच. तपासण्याच्या जागा फार नाहीत: तळाचे पॅकिंग, गेअरदांड्याच्या आडव्या शाफ्टचे सील, वेगमापकाच्या केबलचा सांधा, मागील टोकाचे सील आणि रेडिएटरकडे जाणाऱ्या दोन नळ्या.

काही गळती जमिनीवर दिसतच नाही. जुन्या अमेरिकन पेट्यांत इंजिनाच्या निर्वातावर चालणारा एक पडदा असतो. तो फाटला तर तेल सरळ इंजिनात ओढले जाऊन जळते. धुराड्यातून पांढरा धूर येतो, पेटीतील पातळी उतरत जाते आणि खाली मात्र कोरडे. दुसरा प्रकार रेडिएटरमधील शीतक फुटण्याचा. त्यात तेल व पाणी एकमेकांत मिसळून गुलाबी दुधासारखे मिश्रण तयार होते. हे दिसताच गाडी जागेवर थांबविली पाहिजे, कारण पाण्याने चकत्यांवरील अस्तर सुटते.

कोकणपट्टीच्या हवामानाशी निगडित असलेला एक प्रकार स्वतंत्रपणे सांगितला पाहिजे. हौसेने ठेवलेली जुनी गाडी जून ते सप्टेंबर झाकून उभी राहते. इंजिन बंद असताना टॉर्क कन्व्हर्टरमधील तेल हळूहळू तळाच्या चेंबरमध्ये परतते, तेथील पातळी नेहमीपेक्षा वर चढते आणि एरवी तेलाच्या वर राहणारे दांड्याच्या शाफ्टचे सील बुडते. दसऱ्याला आच्छादन काढले की खाली तांबडे थारोळे. गाडी रोज चालविली तर ही गळती थांबते, म्हणून ती ‘आपोआप बरी झाली’ असा समज होतो. याच गाडीत कोणी थंड व बंद अवस्थेत डिपस्टिक पाहिली तर तेल जास्त दिसते. बहुतेक जुन्या पेट्यांत पातळी पाहावयाची ती पेटी तापलेली, इंजिन चालू आणि दांडा नियमपुस्तिकेने सांगितलेल्या स्थानी असतानाच. उलट चूक झाली, म्हणजे तेल अधिक भरले गेले, तर फिरणारे भाग ते घुसळतात, फेस होतो आणि तो श्वासनळीतून बाहेर पडतो. ही गळतीच नव्हे, परंतु तिच्यासाठी पेट्या खोलल्या जातात.

मातीत उतरणारे तेल

मोटार उद्योग १९९३ मध्ये परवानामुक्त झाल्यानंतर मारुती झेन, एस्टीम, होंडा सिटी यांसारख्या गाड्यांच्या स्वयंचलित आवृत्त्या बाजारात आल्या. त्या आता स्वतःच जुन्या झाल्या असून दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत. २०१४ मध्ये मारुती सेलेरिओबरोबर आलेली एएमटी पेटी मुळात हातगेअरचीच, केवळ क्लच व दांडा यंत्राने हलविणारी. तिच्यात टॉर्क कन्व्हर्टरच नाही. सीव्हीटी पेटीचे तेल निराळे. नाव मात्र सर्वांना एकच, ‘ऑटोमॅटिक’. शिवाय नंतरच्या अनेक पेट्यांना डिपस्टिकच ठेवलेली नाही; ठरावीक तापमानाला बाजूचे बूच काढून पातळी पाहावी लागते. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढविली जाते, त्यामुळे कायद्यानेही ही वाहने दीर्घायुषी ठरू शकतात. २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरील वाहनांसाठी स्वतंत्र ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम आले.

वसई परिसरात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. होळी बाजारापासून पश्चिमेच्या गावांकडे जाताना जमीन रेताड होत जाते आणि पाणी उथळ विहिरींत व बावखलांत सापडते. याच पाण्यावर वसईची वाडी उभी राहिली आणि याच पाण्यासाठी हरित वसईची चळवळ झाली. एका मिलिलिटरचे सुमारे वीस थेंब धरले, तर मिनिटाला एक थेंब गळणारी पेटी दिवसाला बहात्तर मिलिलिटर आणि महिन्याला दोन लिटरांहून अधिक तेल खाली सोडते. वापरलेल्या तेलाची गणना १९८९ च्या नियमांपासून घातक कचऱ्यात होते आणि २०१६ च्या नियमांत गेअर ऑईल व हायड्रॉलिक ऑईल यांचा स्पष्ट समावेश आहे. नियम मुख्यतः साठविणाऱ्या, विकणाऱ्या व पुन्हा शुद्ध करणाऱ्या व्यवसायांना उद्देशून आहेत. अंगणात उभ्या असलेल्या गाडीखालचा थेंब त्यांच्या कक्षेत व्यवहारात येत नाही. रेतीवर तो दिसतही नाही. फरशीवर डाग पडतो, रेती तो पिऊन टाकते. त्यामुळे जेथे हानी अधिक तेथेच पुरावा कमी, अशी स्थिती आहे, आणि गाडीखाली पुठ्ठा ठेवण्याची जुनी रीत येथे निदानाइतकीच विहिरीच्याही उपयोगाची आहे.