मुलतानी मातीचा बायोडेटा

मागच्या शुक्रवारी कँटीनमध्ये पावभाजी खाताना शर्टावर बटर सांडलं. नवाकोरा, फिकट निळा शर्ट. साबण, लिंबू, डिटर्जंट सगळं करून झालं, डाग ढिम्म हलेना. शेवटी घरी फोन लावला. आई म्हणाली, "अरे, मुलतानी माती लाव की. वाळली की झटकून टाक." रूममेटने फेसपॅकसाठी आणलेलं पाकीट होतंच. लावली, तासाभराने झटकली, आणि डाग जवळजवळ गायब!

आता आमचा इंजिनिअरचा किडा वळवळला. डाग गेला हे ठीक, पण ते बटर गेलं कुठे? या एका प्रश्नापायी अख्खा वीकेंड गेला. आणि मंडळी, त्या पाकिटातल्या मातीचा बायोडेटा आपल्या सगळ्यांपेक्षा भारी निघाला.

पहिली नोकरी कापडधंद्यात. इंग्रजीत हिला 'फुलर्स अर्थ' म्हणतात. फुलर म्हणजे लोकरीचं कापड तुडवून घट्ट करणारा कारागीर. लोकरीतला तेलकटपणा काढायला त्याला ही माती लागायची. इंग्लंडला तिची एवढी किंमत होती, की १६६२ च्या कायद्याने मेंढ्या आणि लोकर यांच्याबरोबर ही मातीही देशाबाहेर न्यायला बंदी घातली. मातीवर एक्स्पोर्ट कंट्रोल!

दुसरी नोकरी शेतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हक्स्टेबल नावाच्या एका इंग्रज पाद्री-शेतकऱ्याने गोठ्यातलं घाण पाणी मातीच्या थरातून गाळलं, तर रंग आणि वास दोन्ही गेले. यॉर्कशायरचा जमीनदार थॉम्प्सन याने मातीतून अमोनियम सल्फेटचं पाणी ओतलं, तर खालून निघालं कॅल्शियम सल्फेट. म्हणजे मातीने अमोनिया ठेवून घेतला आणि बदल्यात आपल्याकडचं कॅल्शियम दिलं. मग रॉयल अ‍ॅग्रिकल्चरल सोसायटीचा रसायनतज्ज्ञ जॉन थॉमस वे हात धुऊन याच्या मागे लागला. १८५० आणि १८५२ च्या लेखांत त्याने दाखवलं की हे काम वाळूचं नाही, चिकणमातीचं आहे, आणि हा सरळसरळ हिशेबातला सौदा आहे. जेवढं घेतलं, तेवढं दिलं. आयन एक्स्चेंजचा अभ्यास इथून सुरू झाला. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत रॉबर्ट गान्सने याच तत्त्वावर जड पाणी मऊ करणारी कृत्रिम खनिजं बनवली.

माती हा सौदा करते कशी, हे कळायला मात्र १९३३ उजाडलं. हॉफमन, एंडेल आणि विल्म यांनी क्ष-किरणांच्या मदतीने माँटमोरिलोनाइट या खनिजाची रचना मांडली. (मुलतानी मातीचा मुख्य घटक बऱ्याचदा हाच, किंवा याचा भाऊबंद.) पत्त्यांचा कॅट डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक पत्ता साधारण एक नॅनोमीटर जाड. पत्त्यांवर थोडा ऋण भार, म्हणून तो फेडायला पत्त्यांच्या मधे सोडियम, कॅल्शियमचे धन आयन बसलेले. ते सैल असतात, दुसरं कुणी आलं की जागा सोडतात. आणि सगळे पत्ते सुटे केले तर एका ग्रॅमचं क्षेत्रफळ भरतं सुमारे ७५० चौरस मीटर. म्हणजे दहा ग्रॅम मातीत एक फुटबॉलचं मैदान. आपलं बटर तर बाहेरबाहेरच संपलं असणार.

तिसरी नोकरी सगळ्यात ग्लॅमरची. फ्रेंच इंजिनिअर यूजीन हूड्री याला जड तेलापासून चांगलं पेट्रोल हवं होतं. अनेक पदार्थ तपासल्यावर त्याला अ‍ॅसिडने धुतलेली चिकणमाती सापडली. ती उत्प्रेरक म्हणून काम करायची, पण काही मिनिटांतच तिच्यावर कार्बनचा काळा थर चढून ती निकामी व्हायची. दुसरा कुणी असता तर माती फेकून दिली असती. हूड्रीने काय केलं, तर तेल थांबवून हवा सोडली आणि तो कार्बन जाळून टाकला. माती पुन्हा ताजी! १९३७ मध्ये अमेरिकेत मार्कस हुक इथे सन ऑइलचा मोठा प्लँट या पद्धतीने सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या विमानांना लागणारं उंची पेट्रोल बनवण्यात या तंत्राचा मोठा वाटा होता.

इथे मला पहिल्यांदा लाइट लागली. मातीने घाण उचलली, एवढ्यावर गोष्ट संपत नाही. उचललेल्या घाणीचं पुढे काय करायचं, हा खरा प्रश्न. हूड्रीकडे त्याचं उत्तर होतं, म्हणून तो जिंकला.

पुढे कृत्रिम उत्प्रेरक आले, १९६० च्या दशकात झिओलाइट आले आणि मातीची नोकरी गेली. १९७३ च्या तेलसंकटानंतर तिला परत बोलावणं आलं. जड तेलाचे मोठे रेणू झिओलाइटच्या बारीक छिद्रांत शिरत नव्हते. मातीच्या पत्त्यांत जागा होती, पण तापवलं की मधलं पाणी उडून कॅट सपाट. १९७७ च्या सुमारास ब्रिंडली, सेम्पेल्स वगैरे मंडळींनी मस्त युक्ती केली. पत्त्यांमधे अ‍ॅल्युमिनियमचे मोठे आयन घुसवायचे (१३ अणूंचा एक गट, वर सात धन भार) आणि मग भाजायचं. आयनचे होतात खांब, आणि पत्ते कायमचे उघडे राहतात. ही खांबांची माती.

कागदावर एकदम चकाचक. पण रिफायनरीत कार्बन जाळताना ७०० अंशांच्या आसपासची वाफ लागते, तिच्यात खांब टिकेनात. आपल्या भाषेत सांगायचं तर माती पुन्हा बेंचवर.

आणि इथे पाणी आलं. सांडपाणी काही ७०० अंशांना तापत नाही! जो दोष रिफायनरीत जीवघेणा, तो इथे दोषच नाही. दोन वाटा निघाल्या.

पहिली वाट धरून ठेवण्याची. मूळ मातीला पाणी आवडतं, तेलकट विषं नाही. पण सोडियमच्या जागी लांब शेपटीचे अमोनियम आयन बसवले (केसांच्या कंडिशनरमध्ये असतात, त्यांचेच नातेवाईक) की तिची आवड उलटते. १९८६ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या मॉर्टलंड, बॉयड आणि सहकाऱ्यांनी अशी माती पाण्यातलं फिनॉल आणि क्लोरोफिनॉल धरते हे दाखवलं. ऑस्ट्रेलियात सीएसआयआरओ संस्थेने बेंटोनाइटमध्ये लँथॅनम घालून तळ्यांत शेवाळ वाढवणारं फॉस्फेट पकडणारी माती बनवली.

दुसरी वाट मोडून टाकण्याची. १८९४ मध्ये फेंटनने दाखवलं होतं, की लोखंडाचा क्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले की सेंद्रिय पदार्थ तुटतात. यात अडचण अशी, की मागे लोखंडाचा गाळ उरतो. मग लोखंडच त्या खांबांत बसवलं तर? २००० च्या आसपास फ्रान्समध्ये पॉइतिए विद्यापीठात लोखंड-अ‍ॅल्युमिनियमच्या खांबांची माती फिनॉलवर वापरून पाहिली. फिनॉल तुटलं, बरंचसं लोखंड खांबांतच राहिलं, आणि माती परत वापरता आली. गंमत म्हणजे माँटमोरिलोनाइटला १८४७ मध्ये ज्या गावावरून नाव मिळालं, ते माँटमोरियाँ पॉइतिएहून जेमतेम ५० किलोमीटरवर आहे. माती फिरून घरी आली म्हणायची.

सगळं आलबेल आहे असं नाही. पाणी थोडं आंबट करावं लागतं, पेरॉक्साइड फुकट मिळत नाही, आणि शेवटी काही छोटी सेंद्रिय आम्लं तशीच उरतात. पण पहिल्या वाटेचा प्रश्न जास्त अवघड आहे. मातीने विष धरलं, पाणी स्वच्छ झालं, आणि ती माती? तळ्यातलं फॉस्फेट तळाशी बसून राहतं, ते एक वेळ चालेल. पण फिनॉलने भरलेली माती उघड्यावर टाकली तर पावसाबरोबर ते पुन्हा पाण्यात जाऊ शकतं. म्हणजे बग फिक्स न करता दुसऱ्या मॉड्यूलमध्ये ढकलल्यासारखंच. म्हणून 'इतके टक्के प्रदूषण काढलं' असं कुठे वाचलं, की आता मी पुढची ओळ शोधतो. काढून ठेवलं कुठे?

असो. शर्ट मस्त निघालाय, सोमवारी घालणार आहे. फक्त परवा ती तेलकट माती मी झटकली बेसिनमध्ये, आणि वर नळ सोडला. त्या वेळी काहीच वाटलं नव्हतं.